मधला स्पीकर

अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे ‘लादी’ म्हणायचे. बर्फाची लादी. फोनवर कुणी रडत असो, किंचाळत असो, आईबहिणीवरून शिव्या घालत असो, हिचा आवाज ठरल्या पट्टीच्या वर जायचा नाही. “पत्ता सांगा. श्वास चालू आहे का बघा. दार उघडून ठेवा.” नव्याने लागलेल्या पोरींना तिच्या शेजारी बसवायचे, राग कसा गिळायचा ते शिकायला. गिळलेला राग पुढे कुठे जातो हे मात्र तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

दिवसभर कानाला हेडफोन. ड्यूटी संपली की कानाच्या पाळ्या लालभडक झालेल्या असायच्या. भाड्याच्या घरात भिंती इतक्या पातळ की शेजारचा शिंकला तर इकडून ‘बरं आहे ना’ विचारावं लागे. सिनेमा बघायचा तर परत कानात काहीतरी खुपसूनच. म्हणून स्वतःचं घर झालं, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. किचनचे कप्पे, पडदे, सोफ्याचा रंग, सगळं नवऱ्यावर सोडलं. “मला फक्त होम थिएटर हवंय,” ती म्हणाली. “आवाज कानात नको. खोलीत हवा. समोरून कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटलं पाहिजे.”

नवरा औषधाच्या दुकानात बसायचा. स्वभावाने गरीब गाय. “तू म्हणशील तसं,” तो म्हणाला. हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणायचा हे तिला माहीत होतं, पण त्या दिवशी तिला ते खरं वाटलं.

मग तिने अभ्यास मांडला. परीक्षेला बसल्यासारखा. खोली मोजली, सोफा कुठे येणार ते ठरवलं, बसल्यावर कान जमिनीपासून किती उंच येतो तेही पट्टी लावून बघितलं. रिसीव्हर म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात आणि जिथून ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला जातो तो डबा, घरातल्या कर्त्या बाईसारखा, हे तिला कळलं. समोरचे दोन स्पीकर संगीत सांभाळतात, मागचे दोन पाऊसवारा, रस्ता, गर्दी. आणि बोलणं, सगळं बोलणं, येतं ते मधल्या स्पीकरमधून. टीव्हीच्या खाली आडवा ठेवतात तो. दिसायला सगळ्यांत मामुली, आणि लोक नेमकी त्यावरच काटकसर करतात. तिने ठरवलं, बाकी सगळं लहान चालेल, मधला स्पीकर चांगला घ्यायचा. जमीन हादरवणारा मोठा सबवूफर नको. खालच्या मजल्यावर माणसं राहतात.

या सगळ्या अभ्यासामागे एक चीडही होती. नवऱ्याच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे तिच्या भाऊजींकडे, दर रविवारी सिनेमाची सक्ती असायची. भाऊजींचा जनरेटर विकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा. जन्मभर त्या घरघरीत उभे राहिलेले. त्यांच्याकडे शहरातली सगळ्यात मोठी सिस्टीम आहे असं ते स्वतःच सांगायचे. मधली खुर्ची त्यांची, रिमोट त्यांचा, आणि आवाज असा की कपाटातल्या वाट्या नाचायच्या. पडद्यावर कुणी हळू बोलायला लागलं की हे आवाज वाढवायचे, आणि पुढच्याच क्षणाला बॉम्ब फुटला की सगळ्यांच्या काळजाचं पाणी. जाऊबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून भाजी निवडत सिनेमा बघायच्या. बघायच्या म्हणजे मान वर करायच्या. लादी दर रविवारी डोकं धरून घरी यायची आणि नवरा म्हणायचा, “जाऊ दे ना. दादाला हौस आहे.”

दुकानात जायचा दिवस ठरला तेव्हा तिने बजावलं होतं, आपण दोघंच. दुकानाच्या पायरीवर भाऊजी उभे.

“मी सांगितलं नव्हतं,” नवरा पुटपुटला. “त्यानेच विचारलं, शनिवारी काय करताय.”

ती त्यांना ओलांडून पायरी चढली. आत काचेच्या खोलीत सगळे स्पीकर मांडून ठेवले होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला विक्रेता पुढे आला आणि भाऊजींशी हात मिळवून म्हणाला, “या साहेब. बजेट काय धरून चाललोय?”

“मी सांगते,” ती म्हणाली. “खोली लहान आहे. मला मधला स्पीकर ऐकायचाय. बोलण्याचा एखादा प्रसंग लावा.”

विक्रेत्याने मान डोलावली आणि हेलिकॉप्टर लावलं. खोलीत चारी बाजूंनी पाती फिरायला लागली. भाऊजी खूष. “बघ, याला म्हणतात आवाज.”

“बोलण्याचा प्रसंग,” ती पुन्हा म्हणाली. त्याने एक मोटारींची शर्यत लावली. तिसऱ्यांदा सांगितल्यावर नाइलाजाने त्याने एका बापलेकीचं दवाखान्यातलं बोलणं लावलं. बाप म्हणत होता की घरी जाऊन झोप, मुलगी म्हणत होती की झोप येत नाही. एवढंच. पण बापाच्या घशात अडकलेला श्वाससुद्धा खोलीत ऐकू येत होता. तिच्या अंगावर काटा आला. हेच, तिच्या मनात आलं. हेच हवं होतं.

“यात काही दम नाही,” भाऊजी म्हणाले. “मेलेल्या माणसासारखं पुटपुटतोय. हलका माल आहे.” ते पुढे वाकून पडद्याकडे, त्या बापाच्या ओठांकडे टक लावून बघत होते. विक्रेत्याने मागून विचारलं, “साहेब, पाणी घेणार?” तर भाऊजी म्हणाले, “नाही नाही, काळाच बरा दिसतो.”

नवरा पटकन हसला, विनोद झाल्यासारखा. लादी हसली नाही. न कळलेल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणारी माणसं ती रोज फोनवर ऐकत होती. तिला लगेच समजलं. पण त्या वेळी तिला त्यांची दया आली नाही, राग आला. स्वतःला ऐकू येत नाही आणि माझा माल हलका ठरवतात.

तिने हवं ते सांगितलं. समोरचे दोन लहान, मागचे दोन त्याहून लहान, चांगला मधला, आणि बेताचा रिसीव्हर. पैसे तिच्या कार्डावरून गेले. पुढच्या शनिवारी माल घरी येणार होता. भाऊजी निघताना म्हणाले, “हौशीला मोल नसतं म्हणतात, पण अक्कल तरी असावी.” नवरा चपलेच्या पट्ट्याकडे बघत राहिला.

पुढच्या शनिवारी तिची सकाळची ड्यूटी होती. एका बाळाच्या घशात काहीतरी अडकलं होतं, त्या आईला तिने फोनवरून एकेक गोष्ट करायला लावली आणि बाळ रडलं तेव्हा आख्ख्या कंट्रोल रूमने श्वास सोडला. अशा दिवशी माणूस दमलेला असतो पण हलका असतो. जिन्यातच तिला ड्रिलचा आवाज आला. कुणाचं तरी काम चाललं असेल म्हणत ती वर आली, तर तिचंच दार उघडं.

हॉलभर थर्माकोल. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना शाळकरी पोराएवढे उंच, काळे दोन स्पीकर उभे. कोपऱ्यात वॉशिंग मशीनएवढा सबवूफर. नव्या सोफ्यावर भिंतीचा पांढरा भुगा. आणि शिडीवर, तिच्याकडे पाठ करून, भाऊजी. मागच्या भिंतीला त्यांचं एक भोक पाडून झालं होतं, दुसरं चालू होतं. नवरा शिडी धरून उभा होता. तिला बघून त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

“हे काय आहे?” तिने नवऱ्याला विचारलं.

“दादाने दुकानात फोन केला होता. म्हणाला, सारखं सारखं घेणं होत नाही, घ्यायचं तर एकदाच... मग दुकानवाल्यांनी मला विचारलं, बदलायचं का, तर मी...”

“मधला स्पीकर कुठाय?”

नवऱ्याने शिडी दुसऱ्या हातानेही धरली.

“कुठाय?”

“तो कमी केला. दादा म्हणाला, एवढे मोठे दोन असले की मधोमध आवाज आपोआप येतो.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक म्हणतात तशी नाही, खरोखर. पायापासून काहीतरी गरम वर चढत गेलं आणि कानांच्या मागे येऊन धडधडायला लागलं. पण तोंडातून आला तो कामावरचा आवाज. सपाट, स्पष्ट, एकेक शब्द सुटा.

“भाऊजी, ड्रिल बंद करा. खाली उतरा.”

ड्रिल थांबलं होतं तेव्हाच ती बोलली होती. भाऊजी मागे न वळता म्हणाले, “हो, चालेल की. साखर कमी.”

शिडी धरलेल्या नवऱ्याने डोळे मिटले. लादी पुढे गेली, प्लग ओढून काढला आणि शिडीच्या समोर, त्यांना तोंड दिसेल अशी उभी राहिली.

“मी चहाचं विचारलं नाही. खाली उतरा म्हणाले.”

“अगं, हे एक भोक झालं की...”

“भाऊजी, तुम्हाला ऐकू येत नाही. दुकानातही आलं नाही. त्या बापाचं एक वाक्य तुम्हाला कळलं नाही, म्हणून तो माल हलका. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून दर रविवारी आमचे कान फुटायचे. आता माझ्या घरातही तेच. माझ्या पैशांनी.”

भाऊजी शिडीवरून उतरले. एक पायरी चुकले, नवऱ्याने हात दिला तो त्यांनी झिडकारला. त्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

“कानामागून आली आणि तिखट झाली,” ते म्हणाले. बोलणं तिच्याबद्दल, पण बघत होते धाकट्या भावाकडे. “मला बहिरा म्हणते. आणि तू ऐकून घेतोस.”

नवरा म्हणाला, “दादा, तसं नाही तिचं म्हणणं.”

“तसंच आहे,” ती म्हणाली.

भाऊजी हत्यारं तिथेच टाकून गेले. दार आपटलं नाही. तेवढं तरी आपटायला हवं होतं असं तिला वाटून गेलं, म्हणजे तिलाही काहीतरी आपटता आलं असतं.

मग घरात दोघंच उरले आणि खरं भांडण सुरू झालं. नवरा खाली बसून थर्माकोलचे तुकडे गोळा करायला लागला.

“तू असं तोंडावर बोलायला नको होतंस,” तो म्हणाला.

“मग कुठे बोलायचं? पाठीवर? पाठीवर बोलून बघितलं ना, साखर कमी म्हणाले.”

“त्याला माहीत आहे गं.”

“काय माहीत आहे?”

नवऱ्याने मान वर केली नाही. “कानाचं. तो माझ्याच दुकानातून थेंब न्यायचा. डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं, तपासून घ्या, मशीन लावा. मला म्हणाला, कुणाला बोलू नकोस. धंद्यातली माणसं हसतील.”

“आणि तू बोलला नाहीस.”

“दादाने सांगितलं होतं.”

“मी डोकं धरून घरी यायचे तेव्हा तू मला गोळी द्यायचास. पाण्याचा ग्लास हातात द्यायचास आणि म्हणायचास, दादाला हौस आहे.” तिचा आवाज आता कामावरचा राहिला नव्हता. तो फाटला होता, वर गेला होता, आणि तो तसा ऐकून तिलाच नवल वाटत होतं. “मला रोज फोन येतात, माहीत आहे? छातीत सकाळपासून दुखत होतं, पण घरच्यांना घाबरवायचं नव्हतं म्हणून बोललो नाही. रोज. आणि मागे बायको रडत असते. मी तिला म्हणते, दार उघडून ठेवा. दुसरं काय म्हणणार? तुझ्यासारख्या माणसांच्या बायका असतात त्या.”

“मी कुणाचं वाईट केलं?” तो म्हणाला. त्यालाही आता लागलं होतं. “मी सगळ्यांचं ऐकतो, हा माझा गुन्हा?”

“तू सगळ्यांचं ऐकत नाहीस. जो मोठ्याने बोलतो त्याचं ऐकतोस. मी मोठ्याने बोलत नाही, म्हणून माझा स्पीकर गेला.”

ती खुर्ची ओढून बसली आणि फोन त्याच्यासमोर ठेवला. “दुकानात फोन लाव. मी लावणार नाही. मी समजावणारही नाही. हे सगळं परत घ्यायला सांग आणि माझं मला आणून द्यायला सांग.”

“खोकी फोडलीत. ते नाही म्हणतील.”

“म्हणू देत. तू काय म्हणतोस ते मला ऐकायचंय.”

त्याने फोन लावला. विक्रेता आधी गोड बोलला, मग म्हणाला की मोठ्या साहेबांशी, म्हणजे दादाशी, बोलणं झालंय, त्यांना विचारावं लागेल. नवऱ्याने कपाळावरचा घाम पुसला. बायकोकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

“त्यांना विचारायचं नाही,” तो शेवटी म्हणाला. “घर आमचं आहे. ऑर्डर माझ्या बायकोची होती. तुम्ही तिला न विचारता बदललीत. चूक तुमची, आणि माझी. त्यांचा यात काही संबंध नाही.” मग विक्रेता काहीतरी लांबलचक बोलला, मग व्यवस्थापक आला, मग नवरा तेच वाक्य परत म्हणाला, अडखळत, घोकलेल्या धड्यासारखं, पण म्हणाला. कशी तरी तडजोड झाली. त्याने फोन ठेवला. त्याला वाटलं असावं, आता ती काहीतरी चांगलं बोलेल. ती उठली आणि सोफ्यावरचा भुगा झाडायला लागली.

सोमवारी दुपारी जाऊबाई आल्या. एकट्या कधी यायच्या नाहीत. दारातच म्हणाल्या, “काय बोललीस तू त्यांना? दोन दिवस माणूस जेवला नाही धड.”

“खरं बोलले, ताई. आवाजही चढवला नव्हता.”

“तेच तर. चढवला असतास तर रागाच्या भरात बोलली म्हणून सोडून दिलं असतं त्यांनी.” त्या सोफ्याच्या कडेवर टेकल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. “आणि ते खोटं आहे. ऐकू येतं त्यांना. मुद्दाम ऐकत नाहीत ते. माझं तरी.”

लादीला आधी कळलंच नाही. मग कळलं. नवरा म्हणाला होता, दादाला स्वतःला माहीत आहे. वहिनीचं तो काही बोललाच नव्हता. ती धरून चालली होती की बायकोला माहीत असणारच.

“ताई,” ती सावकाश म्हणाली, “ते थेंब घालायचे कानात. डॉक्टरांकडेही जाऊन आलेत. मशीन लावा म्हणून सांगितलंय त्यांना.”

“कधी?”

“झाली असतील काही वर्षं. यांच्या दुकानातून न्यायचे.”

जाऊबाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. रडतील असं वाटलं, पण रडल्या नाहीत.

“मी रात्री बोलायचे,” त्या म्हणाल्या. “दिवा घालवल्यावर. मुलीचं लग्न मोडलं तेव्हा, आई गेली तेव्हा. अंधारात बरं वाटतं ना बोलायला. ते काहीच बोलायचे नाहीत. मी म्हणायचे, या माणसाला माझं काही पडलेलंच नाही. मग सोडून दिलं बोलायचं.” त्यांनी पिशवी खाली ठेवली. “अंधारात ओठ दिसत नसणार त्यांना.”

“नाही दिसत.”

“आणि तुझ्या नवऱ्याला माहीत होतं.”

“हो.”

“आणि माझ्या नवऱ्याला तर होतंच.” जाऊबाई उठल्या. “वा रे भाऊ. एकाने लपवायचं, दुसऱ्याने झाकायचं. आणि मी इकडे दगडाशी संसार करतेय समजून जगतेय.”

लादीने चहाचं विचारलं. नको म्हणाल्या. जिना उतरताना त्या इतक्या तरातरा गेल्या की कठड्याचा आवाज वरपर्यंत येत होता. त्या रात्री भाऊजींच्या घरी काय झालं ते कुणाला कळलं नाही. नवऱ्याला मात्र वहिनीचा फोन आला. तो नुसता ‘हो वहिनी’, ‘चुकलंच वहिनी’ म्हणत होता, आणि त्याचा कान लाल झाला होता. लादी शेजारीच कपडे घड्या करत बसली होती. तिने त्याला सोडवलं नाही.

दुकानाचा टेम्पो त्याच आठवड्यात येऊन मोठा माल घेऊन गेला आणि तिचा ठेवून गेला. जोडणी दोघांनी मिळून केली, फारसं न बोलता. पहिल्यांदा लावला तो एक साधा कौटुंबिक सिनेमा. खोलीत माणसं बोलायला लागली. कुणी जवळून, कुणी आतल्या खोलीतून. रिमोट तिच्या हातात होता आणि तिला तो एकदाही वापरावा लागला नाही.

मध्यंतरात नवऱ्याने विचारलं, “कसं वाटतंय?”

“आवाज छान आहे,” ती म्हणाली. “तुझ्यावरचा राग अजून गेला नाही.”

“कधी जाईल?”

“माहीत नाही. फोन चांगला केलास त्या दिवशी. पण तेवढ्याने नाही जाणार.”

त्याने मान हलवली. वाद घातला नाही, आणि ‘तू म्हणशील तसं’ असंही म्हणाला नाही.

भाऊजींनी मशीन लावलं, पण लगेच नाही. जाऊबाईंनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं होतं, उजेडातही. जेवणाचं ताट ठेवायचं आणि आत जायचं. शेवटी ते स्वतःच डॉक्टरांकडे गेले. आता दोन्ही कानांमागे काहीतरी बारीकसं दिसतं आणि ते टोपी घालतात. धाकट्या भावाशी बोलतात, भावजयीशी नाही. कुठे समोरासमोर आले तर ‘कसं काय’ म्हणून पुढे जातात. लादीही ‘बरं आहे’ म्हणते. ड्रिलच्या भोकांबद्दल त्यांनी माफी मागितली नाही आणि तिने शिडीसमोर बोललेलं परत घेतलं नाही.

जाऊबाई मात्र दर बुधवारी दुपारी येतात. एकदा बघता बघता त्यांनी सिनेमा थांबवला. पडद्यावरची बाई नवऱ्याला माफ करून मोकळी झाली होती.

“एवढ्यात कशी केली हिने?” जाऊबाई म्हणाल्या. “मागे घे जरा. काय म्हणाला तो, नीट ऐकू.”

लादीने मागे घेतलं. पडद्यावरचा नवरा म्हणत होता, मला वाटलं तुला समजलं असेल.

“बघ,” जाऊबाई म्हणाल्या. “बोलला नाहीच काही.” आणि त्या दोघी त्या बाईवर, तिच्या नवऱ्यावर आणि ज्याने कुणी तो सिनेमा लिहिला त्याच्यावर इतका वेळ चिडून बोलत बसल्या की पुढचा सिनेमा बघायचा राहूनच गेला.